मुंबईच्या उन्हातल्या खिडक्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की खिडक्यांबद्दल विचारणा सुरू होते आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळ्यांचा विषय गळतीवर येतो. खिडक्या बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि राहतोही पश्चिमेला तोंड असलेल्या घरात. त्यामुळे खालचे प्रश्न मला लोकांनी जितक्यांदा विचारले, तितक्यांदा मी स्वतःलाही विचारले आहेत. उत्तरं मुंबईपुरती आहेत. नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाचा हिशेब वेगळा असतो.

दुपारी चारनंतर बेडरूमची भट्टी होते. काच काढून डबल ग्लास, म्हणजे मध्ये हवा कोंडलेली दुहेरी काच, बसवू का?

आधी सावली करा. काचेचं नंतर बघू.

हे मी का म्हणतो, ते आकड्यांत सांगतो. चार बाय पाच फुटांची खिडकी धरा, म्हणजे १.८६ चौरस मीटर. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॉट ऊन पडतं. साध्या काचेतून त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत येतं. एका खिडकीतून जवळजवळ ९०० वॉट! खोलीत इस्त्री चालू करून ठेवावी, तसं. एक टनाचा एसी ३,५०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. त्यातला पाव हिस्सा या एका खिडकीतच खर्ची पडला.

आता दुसरी बाजू बघा. बाहेर ३३ अंश, आत एसी लावून २६. या सात अंशांच्या फरकामुळे त्याच एकेरी काचेतून झिरपणारी उष्णता भरते फक्त ७५ वॉटच्या आसपास. डबल ग्लास या ७५ चे निम्मे करते. वरच्या ९०० वर मात्र, दोन्ही काचा साध्या असतील तर, तिचा परिणाम थोडकाच. थंड देशांत आतल्या-बाहेरच्या हवेत पंचवीस-तीस अंशांचं अंतर असतं, तिथे दुहेरी काच पैसे वसूल करते. आपला शत्रू थेट ऊन आहे.

लोकल गाड्यांचा किंवा हायवेचा आवाज ही तुमची खरी तक्रार असेल, तर गोष्ट निराळी. त्यासाठी लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली) आणि घट्ट बसणारे पल्ले घ्या, झोप सुधारेल. पण उन्हासाठी म्हणून हा खर्च करू नका.

कुठल्या खिडकीचं ऊन आधी अडवायचं?

पश्चिमेच्या. मग पूर्वेच्या, मग दक्षिणेच्या.

मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. साधारण १५-१६ मे रोजी भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा तसंच होतं, पण तेव्हा ढगांमुळे सहसा दिसत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन डोकावतं. ‘आमची खिडकी उत्तरेची, तरी ऊन कसं?’ असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

फोनमधल्या होकायंत्रावर फार विसंबू नका, ग्रिलच्या लोखंडाजवळ ते भरकटतं. त्यापेक्षा एका सुट्टीच्या दिवशी जमिनीवर ऊन पडेल तिथे दर तासाला खडूने रेघ मारा. संध्याकाळपर्यंत तुमच्या खोलीचा उन्हाचा नकाशा तयार होतो आणि नेमके कुठले दोन-तीन तास अडवायचे आहेत ते कळतं. बहुतेक घरांत सगळ्या खिडक्यांवर खर्च करायची गरज नसते. एक किंवा दोन खिडक्याच गुन्हेगार निघतात.

खिडकीवर छज्जा आहे, तरी ऊन आत येतंच. असं का?

कारण छज्जा उंच सूर्यासाठी असतो. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीला दीड फुटाचा छज्जा मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत भरदुपारी पुरून उरतो. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य ४७-४८ अंशांवर उतरतो, तेव्हा ऊन छज्ज्याखालून आत येतं. पण ते दिवस मुंबईत त्यातल्या त्यात सोसवणारे असतात.

पश्चिमेला हे गणित बसत नाही. एप्रिलमध्ये साडेचारला सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांच्या आसपास असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा खिडकीचा वरचा फूट-सव्वा फूट झाकतो, बाकी काच उघड्यावर. सहा वाजता तर छज्जा असून नसल्यासारखा.

तरी छज्जा तोडू नका, हे हात जोडून सांगतो. खिडकी मोठी दिसावी म्हणून नूतनीकरणात छज्जा छाटलेली घरं मी पाहिली आहेत. पहिल्याच पावसाळ्यात चौकटीवरची भिंत ओली होते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींकडे बघा. खिडक्यांवरून इमारतीला वळसा घालून जाणाऱ्या त्या भुवयांसारख्या पट्ट्या नुसती शोभा नाहीत, त्या ऊन आणि पाऊस दोन्ही झेलतात. ओव्हल मैदानाच्या बाजूच्या आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. तेव्हा एसी गृहीत धरून घर बांधत नसत, खिडकी विचार करून काढत.

मग पश्चिमेच्या खिडकीला करायचं तरी काय?

ऊन काचेवर पडण्याआधी, बाहेरच, उभ्या आडोशाने अडवायचं. एकदा ते काचेतून आत आलं की पडदा, भिंत, गादी तापवतं आणि ती उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय बांबूचा चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा. खिडकीच्या बाहेर, ग्रिलच्या आतून किंवा बाहेरून टांगायचा, दोरीने वरखाली करायचा. दोन काड्यांच्या फटींतून वारा येत राहतो. माझ्या घरी चिक लावला, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला काचेवर आतून तळहात टेकवून पाहिला. आदल्या दिवशी चटका बसून हात मागे घ्यावा लागला होता, त्या दिवशी काच कोमट होती. खालच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून ठेवा, नाहीतर समुद्राच्या वाऱ्याने चिक रात्रभर आपटत राहतो आणि शेजारी सकाळी दार वाजवतात. पावसाळ्याआधी काढून, गुंडाळून, कोरड्या जागी उभा ठेवला तर तीन-चार उन्हाळे टिकतो.

दुसरा उपाय शेडनेट, म्हणजे रोपवाटिकेत असते ती जाळी. ५० किंवा ७५ टक्के सावलीची मिळते. हिरव्यापेक्षा पांढरट किंवा फिकट रंगाची मिळाली तर बरी, काळी नको. काचेपासून निदान अर्धा फूट दूर ताणा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर बाहेरून बसणारे अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांचे लूव्हर घ्या, फिरवता येणारे. पट्ट्या वळवून ऊन अडवायचं, संध्याकाळी सरळ करून वारा घ्यायचा. पश्चिमेच्या घरासाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही. फक्त उंच मजल्यावर वाऱ्याचा जोर लक्षात घेऊन त्यांची पकड भिंतीत असली पाहिजे, विटांवरच्या प्लास्टरमध्ये नाही.

वेलीही चालतात. मधुमालती ग्रिलवर चढली की एका हंगामात सावली धरते. कुंड्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नका, डासांच्या अळ्या होतात आणि पावसाळ्यात त्यासाठी पालिकेची माणसं तपासणीला येतात.

आतले जाड पडदे पुरेसे नाहीत का?

नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी ठेवा, म्हणजे थोडं तरी ऊन आल्या वाटेने परत जातं. गडद रंगाचा जाड पडदा स्वतः तापतो आणि शेगडीसारखा खोलीत उष्णता सोडत राहतो.

वाळ्याचे पडदे लावून पाणी मारलं तर?

विदर्भात उत्तम. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते, पण त्यासाठी हवा कोरडी हवी. मुंबईची हवा आधीच भिजलेली, त्यात आणखी ओल घातलीत की चिकचिक वाढते. वाळ्याचा वास आवडत असेल तर माठात घाला.

सन कंट्रोल फिल्म चांगली की वाईट?

ही काचेवर चिकटवायची ऊन अडवणारी पातळ प्लास्टिकची फिल्म. चांगल्या प्रतीची फिल्म, योग्य काचेवर, जाणकार माणसाने लावलेली असेल तर उपयोगी आहे. माझा पहिला अनुभव मात्र वाईट होता. बेडरूमच्या खिडकीला मी गडद फिल्म लावून घेतली. दिवसा खोलीत दिवा लावायची वेळ आली, तेही चालवून घेतलं. दुसऱ्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी टक् असा आवाज आला. बघतो तर काचेच्या कडेपासून काटकोनात निघालेला तडा मधोमध येऊन वळला होता. कोणी काही मारलं नव्हतं. गडद फिल्म ऊन शोषते, काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दबलेली कड थंड राहते आणि कड खडबडीत कापलेली असेल तर तिथूनच काच फुटते. लावणाऱ्याने काच कोणती आहे हे विचारलंही नव्हतं. मीही तेव्हा विचारलं नाही, याची खंत आहे.

म्हणून फिल्म घेताना दोन आकडे मागा : उष्णता किती टक्के अडवते आणि उजेड किती टक्के येऊ देते. नुसती गडद म्हणजे चांगली असं नाही. उजेड बऱ्यापैकी राखून उष्णता अडवणाऱ्या फिल्म मिळतात. काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) असेल तर तड्याची भीती बरीच कमी. डबल ग्लासवर आतून फिल्म लावण्याआधी काच बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

काच बदलायचीच आहे. कुठली घेऊ?

तर सोलर कंट्रोल काच, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारी काच, मागा आणि तिचा एसएचजीसी विचारा. सूर्याच्या उष्णतेतला किती हिस्सा आत येतो, हे हा आकडा सांगतो. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, चांगल्या सोलर कंट्रोल काचेचा ०.४ किंवा त्याहूनही कमी मिळतो. जोडीला व्हीएलटी, म्हणजे उजेड किती येतो तो आकडा. एसएचजीसी कमी आणि व्हीएलटी त्या मानाने जास्त, ही खरी चांगली काच. दुकानदाराला हे दोन आकडे देता येत नसतील तर तो फक्त रंग विकतोय असं समजा.

आरशासारख्या निळ्या-हिरव्या काचा घराला लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही खरं, पण रात्री घरात दिवा लागला की सगळं उलटं होतं. आणि तुमच्या काचेवरून परतलेलं ऊन समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातं.

स्लायडिंग बसवू की उघडणाऱ्या पल्ल्यांची?

घामाच्या हवेत अंगावरून वाहणारा वारा हाच खरा गारवा. मुंबईत खिडकीचं पहिलं काम वारा देणं हे आहे, आणि दोन ट्रॅकच्या स्लायडिंगमध्ये तुम्ही कितीही ढकललंत तरी निम्मीच खिडकी उघडते. निम्म्या खिडकीचे पैसे तुम्ही फक्त बघायला देता. बिजागरीवर उघडणारा पल्ला पूर्ण उघडतो. शिवाय तो वाऱ्याच्या बाजूला योग्य कोनात उघडला तर भिंतीला घासून जाणारी झुळूक अडवून आत वळवतो. बंद केल्यावर चौकटीच्या रबरी पट्टीवर (गॅस्केटवर) दाबला जातो, त्यामुळे पाऊस आणि आवाज दोन्ही कमी येतात.

तरी सगळीकडे स्लायडिंग का? जागा कमी लागते, आणि ग्रिल आड येत असल्यामुळे पल्ला बाहेर उघडता येत नाही. ही अडचण खरी आहे. ग्रिल सहा-आठ इंच पुढे असेल तर अरुंद पल्ले करून काम होतं. स्लायडिंगच हवी असेल तर तीन ट्रॅक, तीन काचा करा, दोन-तृतीयांश तरी उघडेल. मात्र तिसऱ्या ट्रॅकवर जाळी घेतलीत की पुन्हा निम्म्यावर.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र घराच्या जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, सांगितलं आहे. कोरड्या उष्ण प्रदेशाला १० टक्के पुरतात. यात उघडणारं क्षेत्रच मोजतात, काचेचं नाही. नियम नव्या प्रकल्पांसाठी आहे, पण १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडणारी खिडकी आहे का, हे आपलं आपण मोजून बघायला हरकत नाही.

डासांची जाळी वारा अडवते, धुळीने भरलेली तर फारच. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा.

अॅल्युमिनियम, यूपीव्हीसी की लाकूड?

अॅल्युमिनियम मुंबईत सर्वात रुळलेलं. सेक्शन, म्हणजे चौकटीची पट्टी, जाड घ्या आणि पावडर कोटिंग (भाजून बसवलेला रंग) कोपऱ्यांत नीट पोचलंय का ते बघा. समुद्राजवळ खाऱ्या हवेत आधी स्क्रू आणि बेअरिंग जातात, म्हणून ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू लिहून घ्या. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, उष्णता कमी वाहून नेतं, पण आत लोखंडी पट्टी नसलेला स्वस्त सेक्शन मोठ्या खिडकीत वाकतो आणि हलका माल उन्हात पिवळा पडतो. जुन्या लाकडाबद्दल शेवटी सांगतो.

पावसात खिडकीतून पाणी येणार नाही ना?

नैर्ऋत्य मोसमी वारे, नावाप्रमाणेच, पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात. म्हणजे जी खिडकी एप्रिलमध्ये तापते, तीच जुलैमध्ये झोडपली जाते. बसवणारा माणूस घरात असतानाच एक परीक्षा घ्या : खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. मिनिटाभरात ते बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. भोकं सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजली असतील तर पाणी तिथेच उभं राहील, आणि जुलैमध्ये ते तुमच्या भिंतीत उतरेल. खिडकीखालच्या कडाप्प्याचा उतार बाहेर असावा. आणि काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकून घ्या, ओल्या भिंतीला सिलिकॉन धरत नाही.

बाल्कनी खोलीत घेतली आणि घर जास्त तापायला लागलं. योगायोग आहे का?

योगायोग नाही. बाल्कनी हीच तुमची सावली होती. चार फूट आत असलेली खिडकी तुम्ही इमारतीच्या कडेवर आणून ठेवलीत, तीही भिंतभर काचेची. चाळींच्या गॅलऱ्यांमागच्या खोल्या दुपारी गार का राहायच्या, आठवून बघा. जुनी खिडकी पुन्हा आत नेता येत असेल तर उत्तम. ते शक्य नसेल तर काचेचा खालचा अडीच-तीन फूट भाग बंद पॅनलचा करा आणि उरलेल्या भागाला बाहेरून चिक किंवा लूव्हर.

ग्रिलबद्दल काही?

बाहेर आलेल्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा आणि तिची किल्ली खिडकीशेजारीच टांगा. आग लागली तर दाराने निघता येईलच असं नाही. ग्रिलच्या तळाशी कुंड्या ठेवायच्या तर बांधून ठेवा, खाली माणसं चालतात.

कोणाची परवानगी लागते?

त्याच मापाची खिडकी, त्याच जागी बसवायची असली तरी सोसायटीला आधी लेखी कळवा. बाहेरचा रंग, ग्रिलचा नमुना, काचेची छटा सगळ्या इमारतीची एकसारखी असावी यावर बहुतेक समित्या आग्रही असतात. भिंत फोडून खिडकी मोठी करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि महापालिका दोघांकडे जावं लागतं. वारसा यादीतल्या किंवा उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत कामाला हात लावण्याआधीच चौकशी करा.

बाहेरून काम करणाऱ्या कारागिराला सुरक्षा पट्टा आहे का, ते स्वतः बघा. पट्टा नसेल तर त्या दिवशी काम थांबवा. दहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर नुसत्या हाताच्या पकडीवर उभी असलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि घरमालक आत चहा पीत असतो. हे मला आजही सहन होत नाही.

दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

मार्चमध्ये सकाळी जमिनीकडून पूर्वेचे कोरडे गरम वारे येतात आणि खारे वारे उशिरा सुरू झाले तर पारा भसकन चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. अशा दिवशी पूर्वेच्या खिडक्या दुपारपर्यंत बंद ठेवा. समुद्राकडून झुळूक जाणवली की पश्चिमेच्या उघडा, चिक खाली सोडून. वारा आत यायला तसा बाहेर जायलाही रस्ता लागतो, म्हणून समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी हवी. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, ऊन नसेल त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघड्याच बऱ्या.

भाड्याच्या घरात आहोत, अकरा महिन्यांचा करार. काय करता येईल?

चिक किंवा शेडनेट ग्रिलला दोरीने नाहीतर प्लास्टिकच्या टायने बांधा, भिंतीला एकही भोक पडत नाही. आत पांढऱ्या अस्तराचा पडदा. घर सोडताना सगळं गुंडाळून बरोबर न्या. घरमालकांना आधी फोन करून सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही.

गिरगावातल्या आमच्या घराला जुन्या सागवानी खिडक्या आहेत. काढून अॅल्युमिनियम बसवावं का?

कृपा करून घाई करू नका. त्या खिडकीला खाली दोन पल्ले, वर दोन पल्ले आणि काही ठिकाणी तिरप्या लाकडी पट्ट्या असतात. दुपारी खालचे पल्ले ओढून घेतले की ऊन आणि रस्त्यावरची नजर बाहेर, आणि वरच्या पल्ल्यांतून छताजवळची गरम हवा निघून जाते. पावसात पल्ले फुगून अडकतात ही तक्रार खरी आहे. त्यासाठी पावसाळा संपून लाकूड वाळल्यावर, दिवाळीच्या सुमारास, सुताराकडून कडांवर हलका रंधा मारून घ्या, बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेसच्या बसवा आणि पल्ल्याच्या सहाही बाजूंना तेलरंग द्या. वरची आणि तळाची कड रंगवायची राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. तळाची पट्टी कुजली असेल तर तेवढीच कापून नवं सागवान जोडता येतं. सुताराला आधी एकच पल्ला करायला द्या. तो पुढच्या पावसात कसा वागतो ते बघा, मग बाकीचे दुरुस्तीला काढा.